‘पत्करलंय ना, मग सोसा’

कोविडकाळात डॉक्टरांच्या मनाचं काय झालं, हा विषय उरणपासून श्रीवर्धनपर्यंत कुठेही काढा. एक उत्तर हमखास मिळतं. पेशाच तसा आहे, पत्करलंय ना, मग सोसा. कुणी हे सहज बोलून जातं, कुणी चिडून बोलतं. चिडणाऱ्यांकडे कारणं आहेत. कुणाच्या वडिलांना ऐन एप्रिलमध्ये बेड मिळाला नाही. कुणाला खासगी रुग्णालयाने आधी अनामत भरायला लावली. कुणाला आपल्या माणसाचं तोंडही शेवटचं बघायला मिळालं नाही. या माणसांशी वाद घालायचा तर त्यांचं दुःख खोटं ठरवून चालणार नाही. पण त्या दुःखातून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि तसं स्पष्ट सांगणं भाग आहे, कारण त्याच निष्कर्षाच्या आधारावर सरकारही निवांत बसलेलं आहे.

मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. महासाथीत इथल्या डॉक्टरांना विषाणूने जितकं खचवलं, त्याहून जास्त आपण त्यांची नोकरी ज्या पद्धतीने चालवतो तिने खचवलं. रिकामी पदं, अकरा महिन्यांची कंत्राटं, गळकी निवासस्थानं, रजेला बदली माणूस नसणं, मेल्यानंतर विम्यासाठी विधवेला घालावे लागणारे खेटे, हे सगळे कुणीतरी घेतलेले किंवा टाळलेले निर्णय आहेत. विषाणू आपल्या हातात नव्हता. हे निर्णय होते आणि आजही आहेत. ‘सोसा’ हे उत्तर डॉक्टरला दिलेलं असलं तरी त्याची किंमत शेवटी रुग्णच मोजतो.

पत्करलं म्हणजे नेमकं काय पत्करलं, इथून सुरुवात करू. तालुक्याच्या गावापासून आत असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होणारा वैद्यकीय अधिकारी ओपीडी पत्करतो, रात्री-अपरात्रीची बाळंतपणं पत्करतो. पावसाळ्यात फुरसं किंवा घोणस चावलेले शेतकरी, लावणीच्या चिखलातून येणारा लेप्टो, कुटुंब नियोजनाची शिबिरं, पोलीस घेऊन येतील त्या प्रेतांचं शवविच्छेदन (पीएम) आणि मग त्यासाठी कोर्टाच्या तारखा, हे सगळं तो पत्करतो. संसर्गाचा धोकाही पत्करतो. क्षयरोग्यासमोर रोज बसणाऱ्याला तो नवा नसतो. मार्च २०२० नंतर त्याच्याकडून जे मागितलं गेलं ते या यादीत कुठेच नव्हतं. पहिल्या आठवड्यांत देशात कितीतरी ठिकाणी डॉक्टर पीपीई किटऐवजी रेनकोट घालून उभे राहिले. किट आले तेव्हा कोकणातल्या मे महिन्याच्या दमट उकाड्यात ते घालून तासन्‌तास पाणी न पिता काढावे लागले, कारण लघवीला जायचं तर किट वाया जाणार. घरी गेल्यावर पडवीत वेगळं झोपायचं. लेकराला जवळ घ्यायचं नाही. भाड्याने राहणाऱ्या डॉक्टर-नर्सना घरमालक खोल्या रिकाम्या करायला सांगतात, ही तक्रार मार्चमध्येच दिल्लीत गृहमंत्र्यांपर्यंत गेली होती. एप्रिल २०२० मध्ये चेन्नईत कोविडने गेलेल्या एका ज्येष्ठ मेंदूशल्यविशारदाच्या दफनाला जमावाने विरोध केला, अ‍ॅम्ब्युलन्सवर दगड घातले. अखेर त्यांच्या डॉक्टर मित्राने रात्री मोजक्या माणसांच्या मदतीने त्यांच्यावर माती लोटली. हा दगड कुठल्या पदवीबरोबर, कुठल्या शपथेत पत्करलेला असतो, ते मला कुणीतरी दाखवून द्यावं.

आता आपल्या रायगडच्या किनाऱ्याकडे या. इथली गोष्ट मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांच्या गोष्टीपेक्षा वेगळी आहे आणि ती फारशी लिहिलीही गेलेली नाही.

मे २०२० मध्ये चाकरमानी गावी परतू लागले. मुंबईच्या एका खोलीत सात-आठ माणसं कोंडून घेण्यापेक्षा आपल्या गावच्या घरी जावं, ही त्यांची इच्छा अगदी न्याय्य होती. गावकऱ्यांची भीतीही समजण्यासारखी होती. या दोघांच्या मध्ये उभा केला गेला तो पीएचसीचा डॉक्टर. हातावर शिक्का मारणारा तोच, शाळेत कुणाला ठेवायचं आणि घरी कुणाला सोडायचं ते सांगणारा तोच. भावकीतल्या जुन्या वादांनाही त्या काळात क्वारंटाइनचं रूप आलं आणि निवाडा डॉक्टरकडे मागितला गेला. ज्या गावात पुढची वर्षंही काढायची, त्या गावातल्या निम्म्या घरांशी वाकडं घेऊन तो घरी, म्हणजे केंद्राच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये, परतायचा.

मग ३ जून आला. निसर्ग चक्रीवादळ दुपारच्या सुमारास रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग इथल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे आणि कौलं उडाली, विजेचे खांब मोडून पडले. कित्येक गावांत वीज यायला काही आठवडे लागले. फोन बंद. रस्त्यांवर झाडं. तोपर्यंत माणसांना एकमेकांपासून लांब ठेवा असं सांगणाऱ्या डॉक्टरला आता शाळा-समाजमंदिरांत दाटीवाटीने बसलेली कुटुंबं तपासायची होती. ताप कुठला, भिजल्याचा की कोविडचा, हे ठरवायला हाताशी फक्त अनुभव होता. लसी थंड ठेवायला वीज नव्हती. रेफर करायचं तर श्रीवर्धनहून अलिबागचं सिव्हिल शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि फोन लागत नसताना १०८ची रुग्णवाहिका बोलवायची कशी? त्या डॉक्टरांचीही घरं होती. त्यांचेही पत्रे उडाले होते. त्यांचेही आईवडील कुठल्यातरी गावात अंधारात बसलेले होते आणि त्यांची खबर मिळत नव्हती.

पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत, मे २०२१ च्या मध्याला, तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्यासमोरून गेलं. त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये महाडला तारिक गार्डन ही इमारत कोसळली होती. जुलै २०२१ मध्ये महाड पुरात बुडालं आणि त्याच दिवशी, २२ तारखेला, तळियेवर दरड आली. किनाऱ्यावरून घाटाच्या पायथ्याकडे पथकं पाठवली गेली, कारण जिल्हा एक आणि डॉक्टर मोजके. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली. एका रायगड जिल्ह्याने तीन-साडेतीन वर्षांत हे पाहिलं. ढिगाऱ्यातून काढलेल्या प्रत्येक देहाची ओळख, पीएम आणि दाखला सरकारी डॉक्टरच्या हातूनच होतो. यातल्या कुठल्या घटनेनंतर त्या डॉक्टरांना आठवडाभर सक्तीची रजा मिळाली? कुणी त्यांना बोलावून विचारलं की बाबा रे, झोप लागते का? जिल्हाधिकारी कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत ज्यांचं हे काम होतं, त्यांनी याचं उत्तर द्यावं.

‘मन खंबीर ठेवा’ असं सांगणाऱ्यांचा एक वर्ग आहे. त्यांचा हेतू चांगला असतो. साथीच्या काळात त्यांनी डॉक्टरांसाठी ऑनलाइन व्याख्यानं ठेवली, प्राणायाम शिकवला, सकारात्मक राहण्याचे संदेश पाठवले. प्राणायामाला माझा विरोध नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजण्याची एक छोटी प्रश्नावली आहे, २६ प्रश्नांची, जगभर वापरली जाणारी. तिचे चार भाग आहेत: शरीर, मन, माणसांशी असलेले संबंध आणि भोवतालची परिस्थिती. चौथ्या भागात विचारलेलं असतं की तुम्हाला सुरक्षित वाटतं का, राहायची जागा कशी आहे, हाताशी पुरेसा पैसा आहे का, विरंगुळ्याला वेळ मिळतो का, गरज पडल्यास उपचार मिळतात का, प्रवासाची सोय कशी आहे. हे प्रश्न घेऊन म्हसळा किंवा तळा तालुक्यातल्या एखाद्या वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर बसा. मुख्यालयी राहण्याची सक्ती आहे, पण क्वार्टरचं छप्पर गळतं. मुलांच्या शाळेसाठी बायको किंवा नवरा पनवेलला. दोन डॉक्टर मंजूर असलेल्या केंद्रात एकच हजर, म्हणून रविवारही ड्युटीचाच. कंत्राटी असेल तर पगार दोन-दोन महिने लांबलेला. चार भागांपैकी तीन आपण मोडून ठेवायचे आणि उरलेल्या एकाला, मनाला, खंबीर राहा म्हणायचं, याला उपचार म्हणता येत नाही.

एक आक्षेप पैशांचा असतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. कोविडमध्ये डॉक्टरांनी लुटलं, असं लोक म्हणतात. काही रुग्णालयांनी लुटलं, हे खरं आहे. म्हणूनच तर राज्य सरकारला २१ मे २०२० रोजी खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के बेडचे दर बांधून द्यावे लागले: साध्या वॉर्डला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. ज्यांनी ते मोडले त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी होती आणि ती पुरेशी झाली नाही असंच माझंही मत आहे. पण त्या बिलांवर सही करणारा मालक आणि बोर्ली पंचतनला किंवा चौलला शंभर-दीडशे रुपयांत तपासणारा डॉक्टर, यांना एकाच पारड्यात घालणं अन्यायाचं आहे. १०८वर धावणारा बीएएमएस डॉक्टर, मानधनावरचा कंत्राटी अधिकारी, बंधपत्राचं वर्ष भरणारी पंचविशीतली मुलगी, यांनी त्या काळात माया जमवली असं कुणी म्हणत असेल तर त्याने त्यांची पगारपत्रकं बघावीत.

आणि त्या छोट्या दवाखान्यांच्या डॉक्टरांचं पुढे काय झालं? सरकारने ३० मार्च २०२० पासून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला. टाळ्या, थाळ्या, ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी, सगळं झालं. सप्टेंबर २०२० मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनने कोविडने गेलेल्या ३८२ डॉक्टरांची यादी प्रसिद्ध केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत १६२ हा आकडा सांगितला; संघटनेच्या यादीत तेव्हा सातशेहून अधिक नावं होती. सरकारी आकड्यात न बसलेली ती माणसं मेलेलीच होती. नवी मुंबई महापालिकेने खासगी डॉक्टरांनी दवाखाने उघडे ठेवावेत, नाहीतर कारवाई होईल, अशी नोटीस मार्च २०२० मध्येच काढली होती. तिथल्या एका आयुर्वेदिक डॉक्टरने दवाखाना उघडा ठेवला आणि जूनमध्ये ते कोविडने गेले. पत्नीने विम्याचा दावा केला. उत्तर मिळालं की तुमच्या पतींची सेवा सरकारने अधिग्रहित केलेली नव्हती. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातही त्या हरल्या. सर्वोच्च न्यायालयाने अशा खासगी डॉक्टरांच्या कुटुंबांचा हक्क मान्य केला तो डिसेंबर २०२५ मध्ये, आणि तेव्हाही प्रत्येक दाव्याचे पुरावे कुटुंबाने द्यायचेच आहेत. पनवेल-उरणपासून तो दवाखाना तासाभराच्या अंतरावर आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक डॉक्टरच्या घरात या प्रकरणाची चर्चा झाली. आपण मेलो तर आपल्या बायकोला पाच वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील, हे कळल्यावर माणसाच्या मनावर जे ओझं येतं ते कुठल्या प्राणायामाने उतरणार आहे?

डॉक्टरांच्या मनाला त्या काळात सगळ्यांत खोल जखम झाली ती वेगळ्याच ठिकाणी, आणि तिच्याबद्दल ते सहसा बोलत नाहीत. काय करायला हवं ते माहीत असणं आणि ते करता न येणं. एप्रिल २०२१ घ्या. डोलवीचा पोलाद कारखाना वैद्यकीय ऑक्सिजन पुरवत होता. देशातली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस रिकामे टँकर घेऊन १९ एप्रिलला कळंबोलीहून विशाखापट्टणमकडे निघाली. डोलवी आणि कळंबोली, दोन्ही ठिकाणं आपल्याच जिल्ह्यातली. तरी तालुक्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरची रात्र सिलिंडर मोजण्यात जात होती. कुणाचा प्रवाह कमी करून कुणाला द्यायचा हे ठरवायला त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. ठरवल्यावर ते सांगायला कुणी सोबतही नव्हतं.

रेमडेसिव्हिरची गोष्ट तर जास्तच क्लेशाची. या औषधाने मृत्यू टळतो असा पुरावा नसल्याने जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये ते वापरू नये अशी शिफारस केली होती. पाच महिन्यांनी आपल्याकडे त्यासाठी रांगा लागल्या, काळाबाजार झाला, वाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती द्यावं लागलं. टीव्हीवर ते संजीवनी ठरलं होतं. जो डॉक्टर म्हणायचा की याची गरज नाही, त्याच्यावर नातेवाईक तुटून पडायचे: तुम्ही आमच्या माणसाला मारताय. जो लिहून द्यायचा, तो त्या घरातल्या पोराला चाळीस-पन्नास हजार घेऊन पनवेल, ठाणे, मुंबई फिरायला लावायचा, आणि हे व्यर्थ आहे ते त्याला स्वतःला ठाऊक असायचं. दोन्ही बाजूंनी मन मरतं. त्यातून आलेली रात्रीची जाग, विनाकारण उसळणारा राग, रुग्णाचा चेहरा आठवू नये म्हणून त्याच्याकडे न बघताच गोळ्या लिहायची सवय, हे सगळं मी भेटलेल्या डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. त्यातल्या बहुतेकांनी हे घरीसुद्धा बोलून दाखवलेलं नव्हतं.

इथे कुणीतरी डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव घेतं. बिरवाडीच्या साध्या आरोग्य केंद्रात, हाताशी काही नसताना, त्यांनी विंचूदंशावर काम केलं, ते लॅन्सेटपर्यंत पोचलं, प्राझोसिनमुळे कोकणातली हजारो माणसं वाचली, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मग आजच्यांना काय धाड भरली आहे? बावस्करांबद्दल मला नितांत आदर आहे, म्हणूनच त्यांचा असा वापर मला सहन होत नाही. त्यांचं संशोधन उभं राहिलं ते रुग्णाच्या उशाशी तासन्‌तास बसून केलेल्या निरीक्षणातून. आजच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ते तास ठेवले आहेत का? त्याचा दिवस ऑनलाइन नोंदी, व्हिडिओ कॉन्फरन्स, उद्दिष्टांचे तक्ते आणि साहेबांचे दौरे यांत जातो. शिवाय बावस्करांनी आयुष्यभर कमिशनच्या धंद्याविरुद्ध आणि बेफिकीर व्यवस्थेविरुद्ध उघड भांडण केलं आहे. त्यांचं नाव घेऊन गप्प बसायला सांगणं हा त्यांच्या कामाचा अपमान आहे. असामान्य माणसाच्या सहनशक्तीवर सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था उभी करता येत नाही. ती सामान्य, चांगल्या, थकणाऱ्या माणसांना झेपेल अशीच असावी लागते.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचंही तसंच. १९३८ मध्ये ते चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर अहोरात्र शस्त्रक्रिया करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये झटके येऊन वारले तेव्हा अवघे ३२ वर्षांचे होते. आपण त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यांना अमर म्हटलं. त्यांना वेळीच विश्रांती मिळाली असती तर त्यांनी आणखी चाळीस वर्षं रुग्ण तपासले असते, हा विचार आपल्या गौरवाच्या भाषणांत कधी येत नाही. देव म्हणण्यात हीच गोम असते. देवाला झोप लागत नाही, रजा लागत नाही, आणि नवस फळला नाही तर त्याला पाण्यात ठेवता येतं.

पाण्यात ठेवण्याचीही उदाहरणं आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड आयसीयूला आग लागून अकरा रुग्ण गेले. इमारतीची अग्निसुरक्षा ही कुणा कनिष्ठ डॉक्टरची जबाबदारी नसते. अटक मात्र आधी झाली ती एका तरुण महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन नर्सना. राज्यभरातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरांनी ती बातमी वाचली आणि आपापल्या वॉर्डातल्या वायरिंगकडे बघितलं. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने १८९७ चा साथरोग कायदा बदलून हल्लेखोराला पाच वर्षांपर्यंत, गंभीर इजा असेल तर सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. कागदावर हे चांगलं आहे. पण रात्री दोनला, एक शिपाई आणि एक नर्स सोबत असताना, पन्नास माणसांचा जमाव दारात येतो तेव्हा कायद्याचं पुस्तक मध्ये पडत नाही. तिथे माणूस लागतो, उजेड लागतो, बंद होणारं फाटक लागतं. ग्रामीण रुग्णालयांत यातलं काय आहे, ते जाऊन बघावं.

उरला मनाच्या कमकुवतपणाचा आरोप. चीनमध्ये साथीच्या अगदी सुरुवातीला १,२५७ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली होती: निम्म्या जणांत नैराश्याची लक्षणं, ४४.६ टक्क्यांत चिंतेची, ७१.५ टक्क्यांत मानसिक ताण. इतकी माणसं एकाच वेळी, एकाच कामावर, स्वभावाने कमकुवत निघत नाहीत. न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुख डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये जीवन संपवलं. त्यांना आधीचा कुठलाही मानसिक आजार नव्हता असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. उपचार घेतले तर परवाना जाईल ही भीती तिथल्या डॉक्टरांना गप्प ठेवते, हे त्यांच्या कुटुंबाने लावून धरलं आणि २०२२ मध्ये अमेरिकेत त्यांच्या नावाने कायदा झाला. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटाने २०२४ मध्ये जो अहवाल दिला, त्यात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या जवळपास एकतृतीयांश डॉक्टरांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं आहे. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम देऊ नका, असं त्या गटाला सांगावं लागलं. बारा तासांची ड्युटी आणि आठवड्याला ४८ तास हे केंद्राचं धोरण १९९२ पासून आहे. तीस वर्षांहून अधिक काळ न पाळलेल्या नियमाचे परिणाम आपण माणसाच्या स्वभावावर ढकलतो आहोत.

किनाऱ्यावर याला आणखी एक पदर आहे. मुरूड-श्रीवर्धनच्या डॉक्टरला मानसोपचारतज्ज्ञ हवा असेल तर बहुतेक वेळा अलिबाग किंवा पनवेल गाठावं लागतं. तिथे बाकावर शेजारी त्याचाच रुग्ण बसलेला असू शकतो. ‘डॉक्टरलाच गोळ्या चालू आहेत’ ही बातमी तो परतण्याआधी गावात पोचते आणि छोट्या गावात दवाखाना विश्वासावरच चालतो. म्हणून तो जात नाही. स्वतःच झोपेची गोळी ठरवतो, स्वतःच वाढवतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांचा आणि गोपनीयतेचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर कुणीही, कधीही, मराठीत बोलू शकतं. हे वाचणाऱ्या डॉक्टरने, नर्सने, आशाताईने तो जवळ ठेवावा. पण नोकरी देणाऱ्याची जबाबदारी एका फोन नंबरने संपत नाही. जिल्ह्याबाहेरच्या तज्ज्ञाकडे, नोंद वरिष्ठांपर्यंत न जाता, सरकारी खर्चाने उपचार घेता येण्याची सोय आरोग्य विभागाने करायला हवी. ती अवघड नाही.

पोलिसांचं काय, एसटीच्या चालकांचं काय, सफाई कामगारांचं, आशांचं काय, असंही विचारलं जातं. त्यांचंही काहीच झालं नाही, आणि तेही चूकच झालं. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं होतं. एकाचा अन्याय दाखवून दुसऱ्याचा झाकायचा, हा युक्तिवाद फक्त खर्च टाळू पाहणाऱ्याच्या सोयीचा आहे.

आणि ‘आता संपलं की’ म्हणणाऱ्यांना सांगायचं ते हे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. कोकणात मात्र दर पावसाळ्यात लेप्टो येतो, दर काही वर्षांनी वादळ येतं, महाडला सावित्री नदीला पूर येतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करायला सांगितलं होतं, तेही २०२० पर्यंत. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, शंभर मुलं दरवर्षी दाखल होतात, याचा मला मनापासून आनंद आहे. ती मुलं इथल्या वॉर्डांत आपल्या शिक्षकांचे आणि वरिष्ठांचे चेहरे बघत शिकणार आहेत. जिथे वरिष्ठ पिचलेला दिसतो तिथे धाकटा थांबत नाही. तो मुंबई बघतो, नाहीतर परदेश. मग किनाऱ्यावरची पदं पुन्हा रिकामी राहतील आणि पुढच्या साथीत पुन्हा एकाच डॉक्टरवर तीन जणांचं काम पडेल.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत एक अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांची पदं मंजूर किती, भरलेली किती, कायम किती, कंत्राटी किती. कंत्राटींचा पगार कुठल्या महिन्यापर्यंत झाला. क्वार्टर राहण्यासारखं आहे का. रात्री पहारेकरी असतो का. गेल्या वर्षात डॉक्टरला सलग किती दिवस रजा मिळाली आणि तेव्हा बदली कोण होतं. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. रुग्ण कल्याण समितीवर तुमच्या गावची जी माणसं आहेत त्यांना बैठकीत हे मांडायला लावा. जिल्हा परिषदेसाठी मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हेच प्रश्न विचारा, आणि जो म्हणेल की डॉक्टरांनी सोसायलाच हवं, त्याला मत देऊ नका.